गुणवत्तेचा खर्च : रुग्णालयातील प्रयोगशाळा

काम बिनचूक व्हावे म्हणून केलेला खर्च आणि ते चुकल्यामुळे सोसावा लागलेला खर्च, या दोहोंची बेरीज म्हणजे गुणवत्तेचा खर्च. ही कल्पना कारखान्यांतून आली. रुग्णालयात ती सर्वांत नेमकी लागू पडते ती प्रयोगशाळेत, म्हणजे रक्त-लघवी तपासणाऱ्या विभागात. इथे प्रत्येक नमुन्याला क्रमांक असतो, तो केव्हा आला आणि रिपोर्ट केव्हा गेला याची नोंद असते. त्यामुळे चुकीचा माग काढता येतो. वॉर्डात किंवा बाह्यरुग्ण विभागात हे इतके सोपे नसते.

जोसेफ जुरान यांनी १९५१ च्या आपल्या गुणवत्ता-नियंत्रणावरील ग्रंथात टाळता येण्याजोग्या चुकांच्या खर्चाला खाणीतल्या सोन्याची उपमा दिली. १९५६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधील आर्मंड फायगेनबाउम यांनी या खर्चाची प्रतिबंध, तपासणी आणि अपयश अशी विभागणी मांडली. अपयशाचे पुढे अंतर्गत आणि बाह्य असे दोन भाग रूढ झाले. फिलिप क्रॉस्बी यांच्या १९७९ च्या पुस्तकाने हा विषय व्यवस्थापकांच्या तोंडी आणला.

प्रयोगशाळेत प्रतिबंधाच्या खात्यात रक्त काढणाऱ्यांचे प्रशिक्षण, यंत्रांची वार्षिक देखभाल, बारकोडची व्यवस्था आणि कार्यपद्धती लिहून काढण्याचे श्रम येतात. तपासणीच्या खात्यात कॅलिब्रेशन, रोज सकाळी रुग्णांच्या नमुन्यांआधी लावले जाणारे कंट्रोल (उत्तर आधीच ठाऊक असलेले नमुने) आणि बाह्य गुणवत्ता योजनेची वर्गणी येते. अशा योजनेत बाहेरून नमुने येतात, त्यांचे निकाल कळवायचे असतात आणि इतर प्रयोगशाळांच्या तुलनेत आपण कुठे आहोत ते समजते. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज चालवत असलेली योजना भारतात सुपरिचित आहे. रिपोर्ट बाहेर पडण्याआधी सापडलेली चूक अंतर्गत अपयशात धरतात आणि डॉक्टरांच्या किंवा रुग्णाच्या हाती पोहोचलेली बाह्य अपयशात.

विश्लेषणाची खरी अडचण या वर्गवारीत नाही. प्रतिबंध आणि तपासणी यांची बिले येतात. कंट्रोलच्या कुपीवर किंमत छापलेली असते, योजनेची वर्गणी दरवर्षी मागितली जाते. अपयशाचे मात्र बिल येत नाही. त्याचा खर्च वॉर्डातल्या सिस्टरच्या वेळेत, एका जादा दिवसाच्या खाटेत आणि नातेवाइकांच्या बुडालेल्या रोजात विरून जातो. म्हणून काटकसरीची वेळ आली की कात्री पहिल्यांदा कंट्रोलवर चालते. हिशेबाच्या वहीत ती बचत दिसते, पण रुग्णालयाच्या दृष्टीने तो बहुधा तोटाच असतो. हा न दिसणारा आकडा कागदावर आणणे हेच या विश्लेषणाचे मुख्य काम आहे.

हिमोलाइज्ड सॅम्पलचे उदाहरण घ्यावे. रात्री दोनला वॉर्डातून रक्त येते. शीर सापडत नसल्याने बारीक सुई वापरलेली असते, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढलेला असतो, किंवा ट्यूब हलक्या हाताने उलटसुलट करण्याऐवजी गदागदा हलवलेली असते. सेंट्रिफ्यूजमधून बाहेर आल्यावर वरचा थर फिकट पिवळा न दिसता गुलाबी दिसतो, कारण तांबड्या पेशी फुटलेल्या असतात. या पेशींच्या आत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्या द्रवाच्या वीसपटीहून अधिक असते. तसाच रिपोर्ट गेला, तर नॉर्मल पोटॅशियम असलेल्या माणसावर वाढलेल्या पोटॅशियमचे उपचार सुरू होऊ शकतात. टेक्निशियन नमुना नाकारतो आणि वॉर्डात फोन करतो. सिस्टर पुन्हा शीर शोधते, मावशी पुन्हा जिना चढून येतात. नवी ट्यूब, नवी सुई, यंत्राची आणखी एक फेरी, आणि पहाटेपर्यंत लांबलेला निर्णय. यातली ट्यूब आणि सुई एवढीच स्टोअरच्या नोंदीत दिसतात.

या एका प्रसंगाचा हिशेब वर्षाला लावला की चित्र बदलते. समजा, एका विभागात रोज ५०० ट्यूब येतात, त्यांतल्या २ टक्के परत मागवाव्या लागतात आणि साहित्य व माणसांचा वेळ धरून प्रत्येक पुनरावृत्तीला ५० रुपये पडतात. म्हणजे रोज ५०० रुपये आणि वर्षाला १,८२,५०० रुपये. हे आकडे गृहीत आहेत. प्रत्येक विभागाने आपले आकडे घालावेत, आणि खाटेचा जादा वेळ त्यात धरला की नाही हे स्पष्ट लिहावे.

चुका नेमक्या कुठे होतात, हे इटलीतील पादुआच्या रुग्णालयात मारिओ प्लेबानी आणि पाओलो कारारो यांनी मोजले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तीन महिन्यांतील ४०,४९० तपासण्यांत १८९ चुका आढळल्या. त्यांपैकी ६८ टक्क्यांहून अधिक चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच्या होत्या, तर प्रत्यक्ष तपासणीतल्या जेमतेम १३ टक्के. दहा वर्षांनी त्याच ठिकाणी पुन्हा मोजले, तेव्हा एकूण प्रमाण घटले होते, पण मोठा वाटा यंत्राआधीच्या टप्प्याचाच राहिला. प्रतिबंधाचा पैसा नवे यंत्र घेण्याआधी रक्त काढणाऱ्या हातांवर खर्च करावा, असे या आकड्यांवरून म्हणता येते. नेमका हाच पैसा अनेकदा नाकारला जातो, कारण रक्त वॉर्डातली माणसे काढतात आणि अंदाजपत्रक प्रयोगशाळेचे असते.

तपासणीचा खर्च वाढवत नेला म्हणजे गुणवत्ता वाढत जाते, असेही नाही. स्टॅन्ली लीव्ही आणि ई. आर. जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये कारखान्यांतला नियंत्रण-आलेख प्रयोगशाळेत आणला. त्यावर कंट्रोलचा रोजचा निकाल सरासरीच्या वर-खाली मांडतात. पुष्कळ ठिकाणी निकाल दोन प्रमाण-विचलनांबाहेर गेला की काम थांबवतात. यंत्र अगदी ठीक असतानाही एका कंट्रोलचा निकाल सुमारे ५ टक्के वेळा या रेषेबाहेर जातो. दोन कंट्रोल लावले तर निदान एकाच्या बाबतीत तसे होण्याची शक्यता सुमारे ९ टक्क्यांवर जाते. मग तोच कंट्रोल पुन्हा लावायचा, नवी कुपी फोडायची, कॅलिब्रेशन करायचे. रीएजंट संपते आणि रिपोर्ट रखडतात. हे रोजचे झाले की टेक्निशियनचा आलेखावरचा विश्वास उडतो, आणि एखाद्या दिवशी खरा बिघाडही 'नेहमीचेच' म्हणून पुढे ढकलला जातो. १९८१ मध्ये जेम्स वेस्टगार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेले नियम यावर उपाय म्हणून आले. दोन विचलनांची रेषा त्यांनी इशाऱ्यापुरती ठेवली आणि नाकारण्यासाठी वेगळ्या कसोट्या दिल्या. खर्चाचा विचार आणि संख्याशास्त्र इथे एकत्र येतात.

मान्यतेसाठी होणारा खर्च कुठे धरायचा, यावर मतभेद दिसतात. भारतात राष्ट्रीय परीक्षण व अंशांकन प्रयोगशाळा प्रत्यायन मंडळ, म्हणजे एनएबीएल, आयएसओ १५१८९ या मानकानुसार वैद्यकीय प्रयोगशाळांना मान्यता देते. शुल्क तपासणीच्या खात्यात आणि त्या निमित्ताने झालेले प्रशिक्षण प्रतिबंधाच्या खात्यात टाकणे योग्य ठरते.

विश्लेषणाची सुरुवात नाकारलेल्या नमुन्यांच्या रजिस्टरपासून करता येते. तारीख, वॉर्ड, पाळी, कारण आणि दुसरा नमुना येईपर्यंतचा वेळ एवढे रकाने पुरतात. 'सॅम्पल खराब' अशी मोघम नोंद मात्र निरुपयोगी असते. गोठलेले, अपुरे, चुकीच्या ट्यूबमधले, नाव न जुळणारे हे प्रकार वेगळे लिहिले, तरच कोणत्या वॉर्डात काय शिकवायचे ते कळते.

नवजात अतिदक्षता विभागासाठी याच रजिस्टरात आणखी एक रकाना लागतो. एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. गोठलेल्या नमुन्यापायी आणखी एक मिलिलिटर काढावे लागले, तर त्याच्या एकूण रक्ताच्या शंभराव्या भागाहून अधिक रक्त गेले. असे चार-पाच वेळा झाले की बाहेरून रक्त देण्याची वेळ जवळ येते. या बाळांच्या नोंदीत रुपयांच्या शेजारी मिलिलिटर लिहावेत.