मराठीच्या किल्ल्या कोणाकडे होत्या?

लिनक्स ही इंग्रजी येणाऱ्या इंजिनिअरांची भानगड आहे, साध्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये, असा एक समज आपल्याकडे पक्का बसला आहे. 'लिनक्सवर मराठी नीट चालत नाही' हा त्याचा हमखास पुरावा. मराठी कुठे अडली आणि कोणी अडवली, हे न तपासता लिनक्सला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

या चळवळीची सुरुवातच मुळी एका रोजच्या अडचणीतून झाली. 1980 च्या आसपास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी दुरुस्ती केली होती. कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या संगणकावर निरोप जाई. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम मात्र कंपनीने दिलाच नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एकाकडे तो होता, पण 'कोणाला देणार नाही' असे वचन त्याने देऊन ठेवले होते. त्याने नकार दिला. म्हणजे यंत्र तुमच्या खोलीत, त्रास तुम्हाला, दुरुस्तीची अक्कलही तुमच्याकडे, आणि हात लावायची मनाई! 27 सप्टेंबर 1983 रोजी स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. 1989 मध्ये त्याचा सार्वजनिक परवाना आला: वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, पण पुढच्याचा तोच हक्क हिरावू नका. 1991 मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो याच परवान्याखाली आणला.

आता आपल्याकडे काय चालले होते ते पाहा. इनस्क्रिप्ट हा कळफलक 1986 मध्ये ठरला. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाण संकेतप्रणाली 1991 मध्ये भारतीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातही देवनागरी होती. तेव्हा साधने नव्हती असे कोणी म्हणू नये. पण डीटीपीच्या बाजाराने वेगळी वाट धरली. प्रत्येक कंपनीने स्वतःची अक्षरमांडणी केली. काही पॅकेजांना तर संगणकाच्या पाठीमागे कुलूप म्हणून एक डोंगल खोचावा लागे. तो हरवला की पैसे भरून घेतलेले सॉफ्टवेअरही बंद.

या फॉन्टांची करामत समजून घेतली पाहिजे. कृतिदेवमध्ये तुम्ही 'मराठी' लिहिता तेव्हा फाइलमध्ये मराठी अक्षर एकही साठत नाही. तिथे ई, जे, के, बी, एच ही रोमन अक्षरे साठतात आणि फॉन्ट त्यांच्यावर म, र, काना, ठ, वेलांटी यांची चित्रे चढवतो. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडतो. माझ्याकडे एका जुन्या स्मरणिकेची सीडी होती. संगणकावर लिनक्स टाकले, फाइल उघडली, तर पानेच्या पाने रोमन कचरा. मीही आधी लिनक्सलाच शिव्या दिल्या. फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तेच दिसते, हे नंतर कळले.

लिनक्स धुतल्या तांदळासारखे होते असे मात्र नाही. सुरुवातीच्या काळात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसे, जोडाक्षरे फुटत, एका प्रोग्रॅममध्ये नीट दिसणारा शब्द दुसऱ्यात मोडे. डायल-अपच्या दिवसांत कित्येक मोडेम फक्त विंडोजपुरतेच बनवलेले असत. लिनक्स टाकले की इंटरनेट गेलेच, आणि उपाय शोधायला इंटरनेटच हवे! फरक एवढाच की इथले दोष उघड्यावर होते आणि दुरुस्त करायला कोणाची परवानगी लागत नव्हती. रेड हॅटने लोहित फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले, अक्षरजुळणीचे काम पँगोने आणि पुढे हार्फबझने सुधारले. मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे दिसले पाहिजेत, हा हट्टही तिथे मान्य झाला.

कोणी म्हणेल, लोकांनी लिनक्स घेतले ते फुकट म्हणून. हे खोटे आहे. फुकट तर विंडोजही मिळत होते! जोडणी करून देणारा दुकानदार चोरीची प्रत टाकूनच संगणक देत असे. उबुंटूच्या सीड्या काही वर्षे टपालाने मोफत घरपोच येत, तरी त्या बहुतेकांच्या कपाटातच राहिल्या. 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन सरळ शब्द आपल्या भाषेत आहेत. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द चालतो म्हणून आपण घोटाळा करण्याचे कारण नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत आधार संपला. विंडोज 11 ने ठरवलेली सुरक्षा-चिप किंवा प्रोसेसर नाही म्हणून चालते संगणक भंगारात काढायला सांगितले जात आहे. त्यांपैकी बहुतेकांवर लिनक्स चालते. आधी पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहा, डिस्कला हात लावू नका. वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. मग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट आहे, उच्चारावर चालणारा कळफलकही आहे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबले की ऱ येतो, त्याला हलन्त आणि य जोडला की 'दुसऱ्या'तला ऱ्य बरोबर उमटतो.

जुन्या फाइली मात्र परिवर्तकातून काढाव्या लागतात आणि तिथे डोळ्यांत तेल घालावे लागते. कृतिदेवमध्ये रफार अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. परिवर्तक चुकला की 'धर्म'चा 'धमर्' होतो. ती स्मरणिका मी सध्या अशीच वाचतो आहे. अर्धी झाली, जाहिरातींची पाने सोडून दिली आहेत.