शनिवार, सकाळी नऊ

आयटीवाल्याला ऑनसाईट पाठवलं की सोमवार ते शुक्रवार काही प्रश्न नसतो. क्लायंट असतो, मीटिंगा असतात, दिवस संपतो. प्रश्न येतो शनिवारी. नवीन गाव, ओळखीचं कुणी नाही, कपडे धुऊन झाले, घरी फोन झाला. आता काय?

इंग्लंडात या प्रश्नाला एक छान उत्तर आहे : पार्करन. शनिवारी सकाळी जवळच्या बागेत जायचं आणि पाच किलोमीटर धावायचं. वेळ मोजून मिळते, पैसे लागत नाहीत. बस्स, एवढंच. आज वीसहून अधिक देशांत हे चालतं. पण हे सुरू कसं झालं आणि टिकलं कसं, हा इतिहास मला जास्त मजेशीर वाटतो. म्हणून हा लेख.

साल २००४. आपल्याकडे त्या फेब्रुवारीत मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली. मोठे प्रायोजक, टीव्हीवर प्रक्षेपण, बंद केलेले रस्ते, सगळा थाट. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लंडनच्या नैर्ऋत्येला, टेडिंग्टनजवळच्या बुशी पार्कमध्ये तेरा जण धावायला जमले. जमवणाऱ्याचं नाव पॉल सिंटन-ह्युइट. झिंबाब्वेत जन्म, दक्षिण आफ्रिकेत बालपण, चांगला मॅरेथॉनपटू. पण त्या काळात गडी पार खचलेला होता. नोकरी गेलेली आणि दुखापतीमुळे धावणंही बंद. धावणं सुटलं की धावणारे मित्रही हळूहळू सुटतात, हे त्याला कळत होतं. म्हणून त्याने साधी युक्ती काढली : धावा तुम्ही, वेळ मोजतो मी, नंतर सगळे मिळून कॉफी पिऊ.

पहिल्या काळातलं 'तंत्रज्ञान' ऐका. शेवटच्या रेषेवर आलेल्याला क्रमांक कोरलेला लोखंडी वॉशर द्यायचा. हो, हार्डवेअरच्या दुकानातला, नटबोल्टवाला वॉशर! मग क्रमांक आणि वेळ यांची जोडी लावून निकाल तयार. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की लोखंडाची होती. :-)

पुढची सव्वादोन वर्षं हा प्रकार फक्त त्या एकाच बागेत चालला. दुसरी जागा, विम्बल्डन कॉमन, जानेवारी २००७ मध्ये सुरू झाली. तोवर नाव होतं 'टाइम ट्रायल'. २००८ मध्ये 'पार्करन' हे नाव आलं आणि मग गाडी सुसाट सुटली. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरुवात झाली. त्याच वर्षी कॉम्रेड्स मॅरेथॉन नऊ वेळा जिंकलेल्या ब्रूस फोर्डाइसने जोहान्सबर्गमध्ये सुरुवात केली.

हे जगभर पसरलं कसं, याचं माझ्या मते उत्तर बारकोडात आहे. नोंदणी आयुष्यात एकदाच करायची, फुकट. एक बारकोड मिळतो, तो छापून खिशात ठेवायचा. शेवटी एक टोकन मिळतं, ते आणि तुमचा बारकोड स्कॅन करतात. तोच बारकोड लंडनमध्ये चालतो, सिडनीत चालतो, सिंगापूरला ईस्ट कोस्ट पार्कातही चालतो. आधी नाव नोंदवायला नको, ओळख काढायला नको. बाकी काम स्थानिक स्वयंसेवक करतात. इंटरफेस एक आणि अंमलबजावणी ज्याची त्याची. यापेक्षा चांगलं डिझाईन मी तरी पाहिलेलं नाही.

मी स्वतः बुशी पार्कला एकदा गेलो, खास पाहायलाच. चेस्टनटच्या झाडांची सरळसोट दुतर्फा रांग, गवतात निवांत हरणं आणि हजाराच्या वर माणसं. सुरुवातीला नवख्यांना बाजूला घेऊन पाच मिनिटं माहिती दिली. बाहेरून कोण आलंय म्हणून विचारलं. मी हात वर करून पुणे म्हटलं, तर अनोळखी माणसांनी चक्क टाळ्या वाजवल्या. तीन आठवड्यांत क्लायंटबाहेर कुणाशी बोललो असेन तर ते त्या दिवशी. धावलो बेताचंच, पण माझ्या मागेही पुष्कळ लोक होते आणि सगळ्यांत शेवटी एक स्वयंसेवक चालत होता. हे पद ठरलेलं आहे. 'टेल वॉकर' म्हणतात. त्याच्यामुळे इतर कुणीच कधी शेवटचं येत नाही.

असो. फुकट ठेवणं मात्र तितकं सोपं नव्हतं. ब्रिस्टलजवळच्या लिटल स्टोक पार्कमध्ये एप्रिल २०१६ मध्ये स्थानिक पॅरिश कौन्सिलने ठरवलं की दर आठवड्याला शेकडो लोक बाग वापरतात, तर देखभालीसाठी पैसे द्यावेत. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, वाटा झिजतात आणि खर्च कुणीतरी करतंच. पण पार्करनने पैसे न देता तिथला कार्यक्रमच बंद केला. एका ठिकाणी एक पौंड मान्य केला असता तर तो बारकोड 'कुठेही चालणारा' राहिला नसता. मला हा निर्णय पटतो, पण त्या गावातल्या लोकांचा शनिवार गेला, हेही खरंच.

दुसरा वाद अलीकडचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी संकेतस्थळावरून सर्वांत वेगवान वेळा आणि विक्रमांच्या याद्या काढून टाकल्या. नवख्यांना त्यांची धास्ती वाटते, हे कारण दिलं. महिलांच्या विक्रमांत कुणाची नोंद धरायची यावर त्या सुमारास वाद चालू होता, त्यामुळे टीकाकार म्हणाले की ही पळवाट आहे. वर्षानुवर्षं घाम गाळून विक्रम केलेल्यांना वाईट वाटलं, आणि ते साहजिकच आहे.

पण मला सगळ्यांत आवडलेला आकडा वेगळाच आहे. २००५ मध्ये पाच किलोमीटरची सरासरी वेळ साधारण २२ मिनिटं होती. २०१८ पर्यंत ती ३२ च्या वर गेली. आपल्याकडे रिस्पॉन्स टाइम असा वाढला तर रात्री दोन वाजता फोन येतो! इथे मात्र संयोजक तो आकडा अभिमानाने सांगतात. कारण साधं आहे : आधीचे लोक हळू झाले नाहीत, हळू लोक यायला लागले. आजोबा आले, बाबागाडी ढकलत आया आल्या, आयुष्यात कधी न धावलेले आले.

आणि जिथे आपण पाहुणे म्हणून जाऊच शकत नाही, तिथेही हे पोहोचलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंब्रियातल्या हॅव्हरिग तुरुंगात पार्करन सुरू झालं. कैदी धावतात, कैदीच स्वयंसेवक होतात. अंतर तेच, नियम तेच. सुटका झाल्यावर माणूस अनोळखी गावात राहायला जातो, तिथे कुणी दारात उभं करत नाही. पण शनिवारी सकाळी नऊ वाजता त्या गावाच्या बागेत गेला, तर त्याचा बारकोड चालतो. स्कॅन करणारा तो कुठून आला हे विचारत नाही, आणि सांगितलंच तर बहुधा टाळ्या वाजवतो.