स्वस्त घरं आली की उपनगर बिघडतं का? अमेरिकेतल्या माउंट लॉरेलची गोष्ट

अमेरिकेत घर कुठे बांधायचं आणि किती मोठं, हे स्थानिक पालिका ठरवते. या नियमांना झोनिंग म्हणतात. वरवर पाहता त्यात वंशाचा उल्लेखही नसतो. तरीही अनेक उपनगरं गोऱ्यांचीच राहिली. कशी?

नियम नेमका काय?

वंशानुसार वस्त्या वेगळ्या करणारं झोनिंग तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९१७ मध्येच घटनाबाह्य ठरवलं. पण मोठ्या भूखंडावर एकच स्वतंत्र घर, अपार्टमेंटला बंदी, असे नियम चालू राहिले. घर आपोआप महाग झालं. कृष्णवर्णीय कुटुंबांचं उत्पन्न सरासरीने कमी, त्यामुळे सर्वाधिक फटका त्यांनाच बसला.

माउंट लॉरेलमध्ये काय घडलं?

फिलाडेल्फियाजवळचं हे न्यू जर्सीतलं गाव. १९७० च्या सुमारास शेतांच्या जागी नवी घरं उभी राहत होती. पिढ्यानपिढ्या तिथेच राहणारी काही कृष्णवर्णीय कुटुंबं मात्र मोडकळीला आलेल्या घरांत, अगदी कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांतही राहत होती. त्यांच्यासाठी ३६ अपार्टमेंट बांधण्याचा प्रस्ताव गावाच्या प्रशासनाने फेटाळला. परवडत नसेल त्यांनी गाव सोडावं, असं तेव्हाच्या महापौरांनी सुनावलं. एथेल लॉरेन्स आणि इतरांनी १९७१ मध्ये कोर्टात धाव घेतली.

कोर्ट काय म्हणालं?

१९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी घरांचा आपला वाटा प्रत्येक वाढत्या गावाने उचललाच पाहिजे. गावांनी टाळाटाळ केली. १९८३ च्या दुसऱ्या निकालाने बिल्डरांना थेट कोर्टात जाण्याचा मार्ग दिला. १९८५ च्या कायद्यात मात्र पळवाट राहिली: पैसे देऊन निम्म्यापर्यंत वाटा दुसऱ्या गावावर ढकलता येई. ती २००८ मध्ये बंद झाली.

मग गाव बिघडलं का?

माउंट लॉरेलमध्ये १४० घरांच्या वसाहतीत लोक राहायला येईपर्यंत २००० साल उजाडलं. तिला एथेल लॉरेन्स यांचंच नाव आहे, पण ती पाहायला त्या नव्हत्या. १९९४ मध्ये त्यांचं निधन झालं होतं.

गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, कर वाढतील, ही विरोधकांची भीती. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांच्या चमूने शेजारच्या गावांशी तुलना केली. २०१३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. वसाहतीमुळे या तिन्हींपैकी काहीच झाल्याचं आढळलं नाही. उलट तिथे राहायला आलेल्यांचं उत्पन्न वाढलं आणि मुलांना चांगल्या शाळा मिळाल्या.

आता काय?

वाद संपलेला नाही. २०२४ मध्ये न्यू जर्सीने नवा कायदा केला. त्यानुसार २०२५ ते २०३५ या काळासाठी प्रत्येक गावाचा वाटा ठरतो. एका गावाने नाकारलेल्या ३६ घरांचा हिशेब आज अख्खं राज्य मांडत आहे.