स्क्रीन काळी दिसते, पण बॅटरी संपतेच! प्रोजेक्टमधल्या डिस्प्लेची बॅकलाइट कशी सांभाळायची?

मागे मी आजीसाठी एक गोळ्यांची आठवण करून देणारा डबा बनवला होता. आत ईएसपी३२ बोर्ड, २.८ इंची आयएलआय९३४१ टीएफटी डिस्प्ले, एक बझर आणि २००० एमएएचचा १८६५० सेल. वेळ झाली की बझर वाजणार, स्क्रीनवर गोळीचं नाव येणार आणि बाकी वेळ बोर्ड डीप स्लीपमध्ये. शनिवारी सकाळी ९ वाजता डबा चालू केला. रविवारी रात्री ९ ची गोळी राहिली. आजी म्हणाली, "डबा वाजला नाही, मग मी कशी घेणार?" सेल पार रिकामा झाला होता. तिला काही त्रास झाला नाही, पण माझी झोप उडाली.

चूक कुठे झाली?

झोपायच्या आधी मी स्क्रीन काळी करत होतो आणि डिस्प्लेला स्लीप कमांडही देत होतो. सेल चार्ज करून रात्री खोलीतला दिवा घालवला, तेव्हा ती "काळी" स्क्रीन राखाडी चमकताना दिसली. बॅकलाइट चालूच होती!

आपल्याला मोबाइलची सवय असते. अॅमोलेड स्क्रीनवर काळा पिक्सेल म्हणजे बंद पिक्सेल, म्हणून डार्क मोडने बॅटरी वाचते. टीएफटी एलसीडीचं तसं नाही. तिथे मागे पांढरे एलईडी कायम जळत असतात आणि पिक्सेल फक्त पडद्यासारखा उजेड अडवतो. स्लीप कमांड डिस्प्लेच्या कंट्रोलरला झोपवते, बॅकलाइटची पिन मात्र वेगळी असते. ती मी थेट ३.३ व्होल्टला जोडली होती.

हिशोब बघा

मल्टिमीटर लावला तर माझी बॅकलाइट ६० मिलिअँपियर घेत होती. २००० भागिले ६० म्हणजे साधारण ३३ तास. शनिवारी सकाळी ९ पासून मोजा, रविवारी संध्याकाळी ६ वाजता खेळ खलास.

ईएसपी३२ चिप डीप स्लीपमध्ये सुमारे १० मायक्रोअँपियर घेते. (बोर्डवरचा रेग्युलेटर आणि पॉवर एलईडी यांचा खर्च वेगळा.) म्हणजे आपण मायक्रोअँपियर वाचवत बसतो आणि मिलिअँपियर वाहून जातात. तेच दिवसातून १० वेळा, प्रत्येकी १५ सेकंद बॅकलाइट लावली, तर खर्च फक्त २.५ एमएएच. दिवसभर चालू ठेवली तर १४४० एमएएच!

आधी मोजा, मग जोडा

मॉड्यूलवर "एलईडी" किंवा "बीएल" लिहिलेली पिन शोधा. ३.३ व्होल्ट आणि ही पिन यांच्या मध्ये मल्टिमीटर मिलिअँपियरवर ठेवून जोडा.

१. करंट जेमतेम काही मिलिअँपियर आला, तर मॉड्यूलवर आधीच ट्रान्झिस्टर असण्याची शक्यता जास्त. मग ही पिन थेट जीपीआयओला जोडता येते.

२. दहा-वीसच्या वर आला, तर थेट जोडू नका. ईएसपी३२ च्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपियर आहे आणि २० च्या आत राहिलेलं बरं. इथे २एन३९०६ सारखा पीएनपी ट्रान्झिस्टर लावा. इमिटर ३.३ व्होल्टला, कलेक्टर डिस्प्लेच्या एलईडी पिनला आणि बेस १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून जीपीआयओला. पिन लो केली की उजेड, हाय केली की अंधार.

डीप स्लीपचा सापळा

डीप स्लीपमध्ये गेल्यावर जीपीआयओ पिन मोकळी सुटते, म्हणजे धड हाय नाही, धड लो नाही. म्हणून बेस आणि इमिटरमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. तो ट्रान्झिस्टर बंद ठेवतो. मॉड्यूलवरच ट्रान्झिस्टर असेल, तर झोपण्याआधी पिन बंद स्थितीत आणून ईएसपी३२ ची होल्ड सुविधा वापरा. जाग आल्यावर होल्ड काढायला विसरू नका, नाहीतर स्क्रीन उजळणारच नाही.

उजेड कमी करूनही बचत होते

पीडब्ल्यूएम म्हणजे बॅकलाइट डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद करणं. मी ५ किलोहर्ट्झ ठेवतो. २५ टक्के ड्यूटी ठेवली की सरासरी करंट साधारण पाव होतो, पण उजेड पाव झालाय असं डोळ्याला वाटत नाही. घरात एवढा पुरतो. फक्त वरच्या पीएनपी जोडणीत गणित उलटं आहे हे लक्षात ठेवा: ०-२५५ च्या मापात २५ टक्के उजेडासाठी १९१ द्यावे लागतात.

शेवटची तपासणी

प्रोजेक्ट कुणाच्या हातात देण्याआधी एक काम नक्की करा. बोर्ड झोपवा, खोलीत पूर्ण अंधार करा आणि स्क्रीनकडे बघा. मग सेलच्या वायरमध्ये मल्टिमीटर लावून झोपेतला एकूण करंट मोजा. मी हे दोन मिनिटांचं काम टाळलं होतं. आता आजीच्या डब्यात बॅटरी कमी झाली की वेगळा बझर वाजतो, कारण तिचा भरवसा माझ्या कोडवर नसून त्या आवाजावर आहे.