अनोळखी पट्ट्यांचे कूळ

जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघालेली सळई आधी पिवळसर, मग लाल दिसते आणि शेवटी काळी पडते. काळ्या सळईचीही धग अंगाला जाणवते. ती असते अवरक्त किरणांची. वस्तू जितकी थंड, तितकी तिच्या किरणांची तरंगलांबी जास्त, हे आपण वर्गात शिकवतो. याच नियमाने खगोलशास्त्रज्ञांना कोड्यात टाकले होते.

१९७३ मध्ये गिलेट, फॉरेस्ट आणि मेरिल यांना काही तेजोमेघांच्या वर्णपटात ११.३ मायक्रॉनला ठळक पट्टा आढळला. पुढे ३.३, ६.२ आणि ७.७ मायक्रॉनचे पट्टेही सापडले. ते कशाचे हे कळेना, म्हणून त्यांना ‘अनोळखी अवरक्त पट्टे’ म्हणू लागले.

३.३ मायक्रॉनच्या किरणांसाठी सुमारे १००० अंश तापमान हवे. ताऱ्यापासून दूरची धूळ तर उणे २०० अंशांहूनही थंड! १९८४ मध्ये क्रिस सेलग्रेन यांनी सुचवले, की हे कण अतिशय लहान असावेत. पेटत्या काडीने हंडाभर पाणी तापत नाही, थेंबभर मात्र उकळते. तसेच पन्नासेक अणूंच्या रेणूने अतिनील किरणांचा एकच फोटॉन शोषला, तरी तो क्षणभर हजार अंशांपर्यंत तापतो आणि अवरक्त किरण टाकत निवतो.

त्याच वर्षी फ्रान्सच्या लेजे आणि प्यूजे यांनी या रेणूंचे कूळ सांगितले: बहुवलयी अरोमॅटिक हायड्रोकार्बन. डांबरगोळीतले नॅप्थॅलीन हा त्यातला सर्वांत लहान सदस्य. ३.३ मायक्रॉनचा पट्टा कार्बन-हायड्रोजन बंधांच्या कंपनाचा, ६.२चा कार्बन-कार्बन बंधांच्या.

हे रेणू इलेक्ट्रॉन बाहेर टाकून भोवतीचा वायूही तापवतात. तो वायू निवतो, तो बऱ्याच अंशी कार्बन आयनांच्या १५८ मायक्रॉनच्या किरणांवाटे. हवेतील बाष्प ते अडवते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९९९ मध्ये आपली १०० सेंटिमीटरची दुर्बीण, जपानी वर्णपटमापक बसवून, हैदराबादहून बलूनने वर पाठवली आणि मृग तारकासमूहातील तेजोमेघात हे किरण मोजले.

कूळ कळले, पण कुळातल्या सर्वांचे बंध सारखे, म्हणून पट्टेही जवळजवळ सारखेच. त्यावरून एकेकाला ओळखणे अवघड. २०२१ मध्ये वृषभ तारकासमूहातील एका मेघात सायनो गट जोडलेले नॅप्थॅलीन नावानिशी सापडले, तेही रेडिओ लहरींमुळे. अवरक्त पट्टे देणाऱ्या मोठ्या रेणूंपैकी मात्र एकाचेही नाव अजून निश्चित झालेले नाही. निम्मे सुटलेले हे कोडे विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावे.