काडी, वॉलट्यूब आणि बाभळीचा काटा

सायकलच्या दुकानात वीतभर, हातभर अशी मापून मिळणारी वॉलट्यूब म्हणजे रबराची बारीक नळी. तिचं काम हवा कोंडून धरण्याचं. पंपाने मारलेली हवा व्हॉल्व्हच्या अंगाला असलेल्या बारीक भोकातून निघते, वर चढवलेलं रबर उचलते आणि ट्यूबमध्ये शिरते. आतली हवा परत फिरू लागली की तेच रबर भोकावर चिकटून बसतं. या नळीत काडेपेटीतली काडी घट्ट बसते. हे एका माणसाच्या ध्यानात आलं आणि त्यातून भूमितीचं एक अख्खं खेळणं जन्माला आलं.

तो माणूस म्हणजे अरविंद गुप्ता. जन्म १९५३ सालचा, उत्तर प्रदेशातल्या बरेलीचा. आयआयटी कानपूरमधून १९७५ साली विद्युत अभियंता होऊन ते पुण्यात टेल्कोत लागले. कानपूरला शिकत असताना अनिल सद्गोपाल यांचं एक व्याख्यान त्यांनी ऐकलं होतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून मध्य प्रदेशात ‘किशोर भारती’ उभारणारे हे शास्त्रज्ञ. फ्रेंड्स रुरल सेंटर आणि किशोर भारती यांनी मिळून १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत एक कार्यक्रम सुरू केला होता. मुलांनी विज्ञान पाठ करायचं नाही, प्रयोग करून शिकायचं. १९७८ साली कार्यक्रम जिल्हाभर पसरला, आणि त्याच वर्षी गुप्ता टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन तिथे पोचले.

पण प्रयोगांना सामान आणायचं कुठून? गावच्या शाळेला प्रयोगशाळा नाही, पैसा नाही, आणि शहरातून मागवलेलं उपकरण मोडलं तर दुरुस्त करणारं कुणी नाही. गावात असेल त्यातूनच भागवायचं, ही तिथली रीत. विच्छेदनाच्या सुईऐवजी बाभळीचा काटा चालायचा. गुप्ता आठवडी बाजारात जात, बटणं, बांगड्या, टिकल्या, साबणाच्या डब्या असं स्वस्तातलं काहीबाही विकत घेत आणि त्याचं काय होऊ शकेल ते बघत बसत. वॉलट्यूबचा तुकडा याच बाजारहाटातून त्यांच्या हाती आला.

करायचं असं. काडीचं गूल ब्लेडने खरवडून टाकायचं. वॉलट्यूबचा बोटाच्या पेराहून लहान तुकडा कापायचा आणि दोन्ही तोंडांतून एकेक काडी आत सारायची. झाला सांधा. तो वाकतो, पण निसटत नाही. तीन काड्या आणि तीन तुकडे घेतले की त्रिकोण होतो, चारांचा चौकोन, पाचांचा पंचकोन. आता प्रत्येकाचे कोपरे धरून दाबायचे. चौकोन लगेच कलंडतो आणि पतंगासारखा होतो, पंचकोन तर पार वेडावाकडा. त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. चौकोनात कर्णाची काडी घातली की तोही ताठ उभा राहतो, कारण आता त्याचे दोन त्रिकोण झालेले असतात. पत्र्याच्या छपराखालच्या कैच्या आणि रेल्वेच्या पुलाचं लोखंडी जाळं त्रिकोणांचंच का असतं, हे नववी-दहावीच्या पुस्तकातल्या आकृतीपेक्षा या दाबण्यातून आधी कळतं.

खरी गंमत पुढे आहे. सांध्याच्या मधोमध काटा खुपसून भोक पाडायचं आणि त्यात तिसरी काडी आडवी घालायची, म्हणजे तीन फाट्यांचा सांधा तयार. त्रिकोणाच्या तिन्ही सांध्यांना अशी भोकं पाडायची, आणि तीन फाट्यांच्या एका सुट्या सांध्याचे तिन्ही पाय त्यांत रोवायचे. फळ्यावर काढून शिक्षकांची दमछाक होते ती चतुष्फलकाची आकृती इथे तळहातावर उभी राहते. दोन त्रिकोण तीन काड्यांनी जोडले की लोलक. भोकातून दुसरा तुकडा ओवून घेतला तर चार फाटे होतात, आणि मग घनापासून घराच्या सांगाड्यापर्यंत काहीही बांधता येतं.

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या खेळण्याचं पेटंट घेतलं. तेच पुढे ‘मेकॅनो’ झालं. आपल्याकडे ते खेळणं सुखवस्तू घरांतच दिसायचं. काड्यांचा हा खेळ मेकॅनोचाच चुलतभाऊ, पण त्याची किंमत पैशांत मोजण्याइतकी. गुप्तांनी त्यावर लिहिलेलं पुस्तक ‘मॅचस्टिक मॉडेल्स’ १२ भारतीय भाषांत गेलं आणि त्याच्या पाच लाखांवर प्रती खपल्या.

हे एकट्या गुप्तांचं कर्तृत्व म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. जत्रेतले फेरीवाले करवंटी, पत्रा, कागद आणि दोरा यांतून वाजणारी, फिरणारी खेळणी पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले सुदर्शन खन्ना यांनी ती गोळा केली, ती कशी चालतात हे रेखाटून ठेवलं आणि १९८३ साली पुस्तकरूपात आणलं. पपईच्या देठाची पिपाणी तर आपल्याकडे कुणी कुणाला शिकवावी लागली नाही. गुप्तांची स्ट्रॉची बासरी त्याच घराण्यातली: टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं, फुंकायचं, आणि वाजवता वाजवता कात्रीने दुसरं टोक छाटत जायचं. नळी तोकडी होत जाते तसा सूर चढत जातो.

पुण्याशी गुप्तांचा धागा पुन्हा जुळला तो २००३ साली. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुकातल्या ‘मुक्तांगण विज्ञान शोधिके’त ते ११ वर्षं होते. मनीष जैन आणि अशोक रूपनेर या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी शेकडो खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती केल्या, मराठीतही केल्या, आणि सगळं फुकट वाटून टाकलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दरम्यान सामान बदललं. डिजिटल कॅमेरे आले आणि फिल्मची डबी, जिच्यापासून झकास पंप व्हायचा, ती नाहीशी झाली. लाकडी काडीच्या जोडीला मेणाची काडी आली. ती वाकते, सांध्यात टिकत नाही. नव्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची नळीच नसते. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आली. यात हळहळण्यासारखं काही नाही. हाताशी असेल ते घ्यायचं, हाच या खेळण्यांचा स्वभाव. बाटल्यांची झाकणं, रिकामी रिफिल, जुन्या सीडी अजून घरोघरी आहेत.

खटकतं ते वेगळंच. शाळेने ‘टाकाऊतून टिकाऊ’ करून आणायला सांगितलं की पालक दुकानातून नवे कोरे कागदी कप, गोंद आणि चमकी आणतात, रात्री जागून वस्तू स्वतःच बनवतात आणि ती प्रदर्शनाच्या टेबलावरून थेट कचऱ्यात जाते. त्यात मूल काहीच शिकत नाही. गुप्तांच्या खेळण्यांना टेबलावर जागा नको असते. ती मोडायची, उकलायची, परत जोडायची असतात.

म्हणून वाचकांना एक विनंती. येत्या सुट्टीत जुन्या वळणाच्या सायकल दुकानात चौकशी करा, वॉलट्यूब अजून मिळते. लाकडी काड्यांची पेटी घ्या. गूल खरवडणं आणि तुकडे कापणं मोठ्यांनी करावं, आणि रबराचे बारके तुकडे तान्ह्या भावंडांच्या तोंडात जाणार नाहीत एवढं पाहावं. सांधे मात्र मुलांनाच जोडू द्या, वाकडे झाले तरी.