बारा व्होल्ट आहेत, मग दिवा का लागत नाही?

मोटारीचे दार उघडले की दाराच्या खालच्या कडेला बसवलेला एक छोटा दिवा लागतो. अंधारात उतरताना खाली चिखल आहे की गटार हे त्यामुळे कळते. आमच्या जुन्या गाडीच्या उजव्या दाराचा हा दिवा काही वर्षांपूर्वी बंद पडला. आधी तो अधूनमधून लागे, मग लागेनासा झाला. मी दिवा बदलला, फ्यूज पाहिला, काही उपयोग झाला नाही. मग प्रयोगशाळेतला डिजिटल मीटर आणला, दिवा काढला आणि होल्डरच्या दोन टोकांमधले विभवांतर मोजले. मीटरने १२ व्होल्ट दाखवले. तारा ठीक आहेत, नवा दिवाच सदोष असणार, असा निष्कर्ष काढून मी तिसरा दिवा आणला. तोही लागला नाही.

शेवटी गाडी एका वायरमनकडे नेली. त्याच्याकडे मीटर नव्हता. एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला चिमटा आणि मध्ये गाडीचाच एक दिवा असलेला ‘टेस्ट लँप’ एवढेच त्याचे उपकरण. चिमटा त्याने गाडीच्या उघड्या पत्र्याला लावला, सुई होल्डरला लावली. टेस्ट लँप लागला नाही. मग दार आणि खांब यांच्यामध्ये जी रबरी नळी असते, तिच्या अलीकडे खांबाच्या बाजूला सुई टोचली. टेस्ट लँप लख्ख लागला. नळी हाताने वाकवली तसा दाराचा दिवा क्षणभर मिणमिणला. नळी सरकवून पाहिले तर आतल्या तारेचे सर्व पदर तुटलेले होते आणि हिरव्या गंजातून त्यांची टोके एकमेकांना जेमतेम टेकलेली होती.

“पण मीटर तर १२ व्होल्ट दाखवत होता,” मी म्हणालो.

“सर, तुमच्या मीटरला काही खायला लागत नाही. दिव्याला लागतं,” तो म्हणाला.

भौतिकशास्त्रातली पदवी पदरात असताना मी कोणती चूक केली होती, हे समजायला मला घरी येऊन कागदावर आकडे मांडावे लागले. आणि ते मांडताना लक्षात आले की विजेच्या इतिहासात हीच अडचण फार मोठ्या प्रमाणावर, फार मोठी किंमत मोजून सोडवली गेली आहे.

आकडे काय सांगतात?

५ वॅटचा, १२ व्होल्टचा दिवा पेटलेला असताना सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे त्याच्या तापलेल्या तंतूचा रोध साधारण २९ ओहम असतो. थंड तंतूचा रोध याच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे ३ ओहमच्या आसपास धरू. गंजलेल्या सांध्याचा रोध २०० ओहम आहे असे समजा. मग परिपथाचा एकूण रोध २०३ ओहम आणि प्रवाह सुमारे ०.०६ अँपिअर. दिव्याच्या वाट्याला येणारे विभवांतर पाव व्होल्टही नाही. उरलेले सगळे त्या सांध्यातच खर्च होते.

आता दिव्याच्या जागी मीटर लावा. डिजिटल मीटरचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. प्रवाह इतका क्षुल्लक वाहतो की २०० ओहमच्या सांध्यात एका व्होल्टच्या चार हजाराव्या हिश्श्याएवढीच घट होते. मीटर खोटे बोलत नव्हता. त्याच्यापुरते तिथे खरोखरच १२ व्होल्ट होते. मी परिपथ मोजला होता तो दिव्याचा नव्हे, मीटरचा.

एका शिक्षकाचा प्रयोग

परिपथात आपण जी वस्तू तपासतो तिच्याखेरीज ‘बाकीचे’ही काही असते आणि तेही हिशेबात धरावे लागते, हे प्रथम नेमकेपणाने मांडणारा माणूस शाळामास्तर होता. गेऑर्ग सायमन ओहम हा जर्मनीतील कोलोन शहरात माध्यमिक शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत असे. त्याचे वडील कुलुपे बनवणारे कारागीर होते आणि स्वतःच्या हिमतीवर गणित शिकले होते. मुलाला गणित आणि हातातले कसब या दोन्ही गोष्टी घरातून मिळाल्या.

त्या काळच्या विद्युतघटांचा प्रवाह स्थिर राहत नसे, मोजमाप सुरू असतानाच तो उतरे. म्हणून पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून ओहमने बिस्मथ आणि तांबे यांची जोडी घेतली. तिचे एक टोक उकळत्या पाण्याच्या तपमानाला आणि दुसरे बर्फात ठेवले की स्थिर प्रवाह मिळतो. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या ८ तारा एकामागून एक जोडून त्याने प्रवाहाचा चुंबकसूचीवरचा परिणाम मोजला. १८२६ साली त्याने मांडलेले सूत्र आज पाठ्यपुस्तकात असते त्या रूपात नव्हते. ते असे होते : परिणाम = अ ÷ (ब + लांबी). यातला ‘अ’ उगमावर अवलंबून होता. ‘ब’ म्हणजे तपासायची तार सोडून बाकीच्या परिपथाचा रोध. त्याच्या उपकरणात तो सुमारे २० इंच तारेएवढा भरला.

हा ‘ब’ आपण वर्गात बहुधा सोडून देतो. उदाहरणे सोपी व्हावीत म्हणून तारांचा रोध शून्य मानतो. मीही दाराच्या दिव्यापाशी नेमका तोच शून्य मानला होता.

१८२७ साली ओहमचा ग्रंथ बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाला, पण जर्मनीत त्याचे स्वागत थंड झाले आणि त्याला हवी असलेली विद्यापीठातली जागा अनेक वर्षे मिळाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कोप्ली पदक दिले. ज्यांना लांबच लांब तारांमधून संदेश पाठवायचे होते, त्यांना या सूत्राची गरज लवकर पटली.

समुद्राच्या तळाशी बिघाड

५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिक महासागराच्या तळावरून टाकलेली तार पूर्ण झाली. व्हिक्टोरिया राणीचा जेमतेम शंभर शब्दांचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांकडे पोचायला सुमारे १६ तास लागले. कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हा मूळचा शल्यवैद्य. संकेत क्षीण येतात तर दाब वाढवा, असा त्याचा विचार होता. मोठमोठी प्रवर्तन वेटोळी वापरून त्याने तारेवर सुमारे २,००० व्होल्टचा दाब दिला. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) याचे म्हणणे उलट होते : दाब कमी ठेवा आणि संकेत ओळखणारे उपकरण अधिक संवेदनशील करा. त्यासाठी त्याने आरशाचा गॅल्व्हानोमीटर तयार केला होता. सुईला चिकटवलेल्या इवल्याशा आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका किंचितशा प्रवाहानेही सरकत असे.

तार तीन-चार आठवड्यांत निकामी झाली. तिच्या बांधणीत आणि साठवणुकीत दोष आधीपासून होते. वाढवलेल्या दाबाने ते भरून न येण्याइतके बिघडले. तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानकडे येणारी तारही १८५९–६० मध्ये अशीच फसली. ब्रिटिश सरकार आणि कंपनी यांनी मिळून चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल १८६१ मध्ये आला. तारेचा प्रत्येक तुकडा बनवताना आणि टाकताना मोजला गेला पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला. पण मोजायचे कशात? प्रत्येक कारखान्याचे रोधाचे माप वेगळे होते. म्हणून त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण एकक ठरवण्यासाठी समिती नेमली. १८८१ च्या पॅरिस परिषदेत ‘ओहम’ हे नाव आंतरराष्ट्रीय मान्यता पावले. बिघाड शोधण्याच्या निकडीतून हे एकक आकाराला आले, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

न पाहता जागा सांगणे

समुद्राखालची किंवा जमिनीत पुरलेली तार वायरमनप्रमाणे सुई टोचून तपासता येत नाही. इथे उपयोगी पडला तो चार रोधांचा ‘पूल’. सॅम्युएल हंटर ख्रिस्टी याने तो १८३३ मध्ये वर्णिला होता. चार्ल्स व्हीटस्टन याने १८४३ मध्ये ख्रिस्टीचे श्रेय मान्य करून तो लोकांपुढे आणला, पण नाव मात्र व्हीटस्टनचेच चिकटले.

समजा, ५० किलोमीटर लांबीच्या केबलमध्ये दोन सारख्या तारा आहेत आणि एकीचे आवरण कुठेतरी फाटून ती जमिनीला टेकली आहे. पलीकडच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या की १०० किलोमीटरचे वेटोळे तयार होते. बिघाडाची जागा या वेटोळ्याचे दोन भाग करते. हे दोन भाग पुलाच्या दोन बाजू; उरलेल्या दोन बाजूंना ज्ञात रोध. गॅल्व्हानोमीटरची सुई शून्यावर आली तेव्हा ज्ञात रोधांचे प्रमाण ३ : ७ भरले, तर वेटोळेही त्याच प्रमाणात विभागलेले आहे, म्हणजे बिघाड आपल्यापासून ३० किलोमीटरवर आहे. यातली खुबी अशी, की फाटलेल्या जागी जमिनीकडे जाणाऱ्या वाटेचा रोध किती आहे हे माहीत असण्याची गरज नाही. तो घटाच्या फांदीत येतो आणि समतोलावर परिणाम करत नाही. या पद्धतीला मरेची वेटोळे पद्धत म्हणतात.

१८६६ मध्ये अटलांटिकची तार यशस्वी झाली. एवढेच नव्हे, तर १८६५ मध्ये तुटून बुडालेली तारही समुद्रतळावरून उचलून पूर्ण करण्यात आली. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्याच जहाजाने मुंबई आणि एडन यांच्यामध्ये तार टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे इंग्लंडशी जोडली गेली.

तारखात्यातून गॅरेजमध्ये

मोटारीतली वायरिंग ही बऱ्याच अर्थांनी तारायंत्राची वारस आहे. श्टाइनहाइल याने १८३८ मध्ये दाखवून दिले की तारायंत्राला परतीची दुसरी तार लागत नाही, ते काम जमीन करते. मोटारीत हे काम पोलादी सांगाडा करतो, म्हणून आपले वायरमन अजूनही त्याला ‘अर्थ’ म्हणतात. तांब्याची बरीच बचत होते, पण पत्र्यावरचा प्रत्येक गंजका बोल्ट हा परिपथातला एक अज्ञात रोध ठरतो.

सुरुवातीच्या मोटारींचे दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग याने तयार केलेली विजेची व्यवस्था आली आणि गाडी सुरू करणे व दिवे लावणे दोन्ही विजेवर होऊ लागले. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम तिन्ही मोजणारा ‘अव्होमीटर’ १९२३ मध्ये बाजारात आला. तो कल्पिणारा डोनाल्ड मॅकाडी हा ब्रिटिश टपाल खात्यातला अभियंता होता आणि तारा व टेलिफोन हे त्याच खात्याचे काम होते.

दाराच्या तारेला आणखी एक दुखणे असते. दार दिवसातून २० वेळा उघडले तर वर्षात ७,३०० वेळा आणि १० वर्षांत ७३,००० वेळा तार वाकते. एका वेळच्या ताणाने न तुटणारा धातू वारंवारच्या ताणाने तुटतो. १८४२ मध्ये पॅरिसजवळ आगगाडीचा आस मोडून भीषण अपघात झाला तेव्हापासून अभियंते या ‘धातूच्या थकव्या’कडे गंभीरपणे पाहू लागले, पुढे प्रशियाच्या रेल्वेतील आउगुस्ट व्योलर याने आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून त्याचे नियम शोधले. म्हणून अनुभवी वायरमन दिव्यापाशी किंवा फ्यूजपाशी फार वेळ न घालवता थेट जिथे तार वाकते तिथे जातो. शिवाय ती जागा परिपथाच्या मधोमध येते. मधोमध तपासले की एका चाचणीत अर्धा परिपथ निर्दोष ठरतो. अशा रीतीने १६ संशयित जागा ४ चाचण्यांत निकालात निघतात.

एक सावधगिरी. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत दाराचा दिवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकामार्फत लागतो. तिथल्या नाजूक तारांतून टेस्ट लँपसारखे उपकरण नको तितका प्रवाह ओढू शकते. अशा ठिकाणी जास्त रोधाचा मीटरच योग्य. उपकरण कोणते वापरावे हे परिपथ ठरवतो.

वर्गात करून पाहा

दीड व्होल्टचे दोन घट, बॅटरीतला छोटा दिवा, एक कळ आणि १०० ओहमचा रोधक घ्या. हे सर्व एकसरीत जोडा आणि रोधक एका काडेपेटीत लपवा. तशाच दोन रिकाम्या काडेपेट्यांतून साधी तार न्या. कळ दाबल्यावर दिवा लागणार नाही. दिवा काढून होल्डरवर मोजले तर मीटर जवळजवळ ३ व्होल्ट दाखवील. आता दिवा पुन्हा बसवा, कळ दाबून ठेवा आणि प्रत्येक काडेपेटीच्या दोन टोकांमधले विभवांतर मोजायला सांगा. दोन पेट्यांवर जवळजवळ शून्य येईल आणि एकीवर जवळजवळ सगळे ३ व्होल्ट. पेटी उघडण्यापूर्वी विद्यार्थ्यांना कारण लिहायला सांगा.

माझ्या गाडीच्या तारेचा तो हिरवा पडलेला तुकडा मी वायरमनकडून मागून आणला. ओहमचा नियम शिकवण्याची वेळ येते तेव्हा तो मी आधी मुलांच्या हातात देतो. सूत्र नंतर फळ्यावर येते.